कुठं निघालीस?

कळंबच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा मी जर्मनीला निघाले होते, आणि ही गोष्ट महिनाभर आधीपासून अख्ख्या गावाला ठाऊक होती. तरी चहाच्या गाड्यावरून रशीदचाचांनी विचारलंच, “कुठं निघालीस, बेटा?” मग शेजारच्या बांगडीवाल्या मावशींनी विचारलं, मग कंडक्टरनं. पायाशी दोन मोठ्या बॅगा, आईच्या डोळ्याला पदर, आणि ह्यांना माहीत नाही मी कुठं निघालेय? मी तोंड वाकडं केलं तसे अण्णा कानाशी म्हणाले, “सांग की गं. सांगितल्यानं झिजतीस का?”

कळंबातले तुम्ही सगळे हे वाचणार आहात, तरी लपवत नाही. ह्या प्रश्नाचा मला वीट आला होता. दप्तर घेऊन क्लासला निघाले, कुठं निघालीस? दळणाचा डबा कमरेवर घेऊन गिरणीकडं वळले, तरी कुठं निघालीस? मी मातीचा अभ्यास करायला गेले खरी (“माती बघायला एवढ्या लांब?” असं आत्या अजून म्हणते), पण तिथं कुणी काही विचारणार नाही ह्याचीच निम्मी खुशी होती.

आणि खरंच कुणी विचारलं नाही. पहिला महिना मी हवेत होते. वाट्टेल तेव्हा बाहेर पडायची, रस्त्यानं चालता चालता ब्रेड खायची, रविवारी सगळी दुकानं बंद म्हणून नदीकाठी उगाच हिंडायची. मग मला ताप आला. चार दिवस खोलीत पडून होते, दार कुणी वाजवलं नाही. दोष कुणाचाच नाही. माणसाला त्याच्या जागी निवांत राहू द्यावं, ही तिथली रीत. पण कळंबात मी सकाळी दिसले नसते तर दहाच्या आत मावशी घरात शिरून माझ्या कपाळाला हात लावून बसल्या असत्या. चौथ्या दिवशी लई रडू आलं. ह्या खोलीतून मी नाहीशी झाले तर कळणार कुणाला, ही भीती तेव्हा मनात बसली ती बसलीच.

बरी होऊन जिना उतरताना खालच्या मजल्यावरचे हेर श्मिट भेटले. हेर म्हणजे आपलं राव. ऐंशीच्या घरातले, एकटे, काठीसारखे ताठ. माझ्या तोंडून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये निघून गेलं, “कुठं निघालात?”

ते थांबले. “तुम्हाला कशाला हवंय?”

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. वर्गातल्या मैत्रिणीनं नंतर समजावलं, हे प्रायव्हेट असतं, असं फक्त पोलीस विचारतात. तेव्हापासून श्मिटराव दिसले की मी नुसतं हॅलो म्हणून भिंतीकडं बघत उतरायची.

दोनेक आठवड्यांनी ते जिन्यात माझ्यासाठीच उभे होते. हातात रिकामी टोपली. “आज बागेत जातोय,” मी न विचारताच म्हणाले. “नदीपलीकडं, भाड्यानं घेतलेला सात नंबरचा तुकडा. पाचला परत.” आणि गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “बेकरी.” तिसऱ्या दिवशी, “दातांचा डॉक्टर. डावी बाजू.” मग मीही सांगू लागले, लॅब, लायब्ररी, भाजी. एकदा त्यांनीच तो विषय काढला. “तुम्ही विचारलंत त्या दिवशी मी चिडलो, कारण माझ्याकडं उत्तर नव्हतं. बायको गेल्यापासून मी कुठं जातच नव्हतो. नुसता जिना उतरत होतो.”

एक दिवस असंच “बाग, पाचला परत” म्हणून गेले. पाच वाजले, सहा वाजले. बेल वाजवली, दार बंद. सव्वासहाला माझा धीर सुटला आणि मी सायकल काढली. सात नंबरच्या तुकड्यात श्मिटराव बटाट्यांच्या वाफ्याशेजारी बसलेले, पाय मुरगळून भोपळ्याएवढा सुजलेला, मोबाईल घरी. मला बघून त्यांनी आधी घड्याळ बघितलं. “मी पाच म्हटलं होतं. तुम्ही दीड तास उशिरा आलात.” आणि पहिल्यांदाच हसले. रागवावं का रडावं कळेना, मग ॲम्ब्युलन्सला फोन करून मी दोन्ही केलं.

यंदा पंचवीस दिवस कळंबला येऊन गेले. श्मिटरावांचं सगळं अण्णांना सांगितलं. रशीदचाचांना रोज चार वेळा उत्तर दिलं, आणि मावशी पिशवी घेऊन निघाल्या की आधी मीच विचारायची.

निघायच्या दिवशी पुन्हा तोच स्टँड, तीच पुण्याची गाडी. चाचांनी विचारलं.

“घरी,” मी म्हणाले, आणि जीभ चावली. पाठीवर फिरणारा आईचा हात थांबला. अण्णांकडं बघायची हिंमत होईना. एका शब्दात मी ह्यांना परकं करून टाकलं, असं वाटलं.

अण्णा डिकीत बॅग सारत होते. ती नीट बसवून, हात झटकून म्हणाले, “त्या आजोबांना येळ सांगितलीस का? न्हाय तर वाट बघत बसतील.”

“सांगितलीय. सोमवारी, पाचला.”

“आन् आमाला?”

गाडी हलायच्या आत मी इकडं परत यायची वेळही सांगितली.