जाहिरातीच्या पाठीमागचं नाव

माझ्या धाकट्या भावाचं कोप्पीकर रोडला कापडाचं दुकान आहे. गेल्या वर्षी त्यानं ते नवं केलं, आणि भिंतींना ‘व्हिंटेज लुक’ पाहिजे म्हणून धारवाडला येऊन माझ्याकडची जुनी बांधीव मासिकं दोन दिवसांसाठी नेली. मी दिली. त्याबद्दल अजून स्वतःला शिव्या घालते.

त्या मासिकांत महायुद्धाच्या काळातल्या जाहिराती होत्या. केसांच्या तेलाची एक तर लहानपणापासून माझ्या डोक्यात जायची. शिरस्त्राण घातलेला सैनिक, शेजारी विणत बसलेली गोरीगोमटी बाई, आणि जखमी जवानांच्या मदतनिधीला हातभार लावण्याचं आवाहन. तेलाची बाटली मात्र सैनिकापेक्षा मोठी! जखमा दुसऱ्याच्या, मिरवायचं यांनी.

पण त्याच पानाच्या मागच्या बाजूला, निधीसाठी लोकरीचे कपडे विणून पाठवणाऱ्या मुलींची यादी होती आणि तीत माझी आई होती. दहा वर्षांची असताना तिनं एक वेडावाकडा मफलर विणून धाडला होता. उभ्या आयुष्यात तिचं नाव छापून आलं ते तेवढंच. नव्वदी उलटल्यावर ते एकदा डोळ्यांनी बघायचं तिच्या मनात आलं, आणि मासिकं अजून भावाकडेच होती, म्हणून नव्या दुकानाच्या पूजेच्या दिवशी मी तिलाही तिथं नेलं.

जाहिरात गल्ल्यामागे होती. पान कापून, मागून गोंद फासून प्लायवूडवर चिकटवलेलं. मी नखानं कोपरा उचलायला गेले तर कागदाचा भुगा हातात आला.

“कापायच्या आधी मागं बघितलास तरी का रे?”

“बघितलो की, अक्का. नुस्ती नावं होती. सगळी वाचलो. आपल्यातलं कोण नव्हतं त्यात.”

न वाचता कापलं असतं तर मूर्ख म्हणून सोडून दिला असता. यानं वाचलं होतं! लग्नात ताटातल्या तांदळावर आईचं नवं नाव लिहिलं गेलं आणि माहेरचं नाव सासरी पुन्हा कुणी उच्चारलं नाही, हे खरं. पण मी तिला विचारून घेतलं होतं. यानं साठ वर्षांत कधी विचारलं नाही. मला त्याचा संताप आला, अजून येतो.

मी गिऱ्हाइकांदेखत ते माहेरचं नाव मोठ्यानं घेतलं.

“ही आणि कोण?” तो म्हणाला.

दाराजवळच्या खुर्चीतून आईनं ‘ओ’ दिली.