मागच्या चाकांचं शून्य

माझी आत्या शिलाई मशिनं दुरुस्त करते. घरातली पायमशिनं नव्हेत. तयार कपड्यांच्या कारखान्यांत जी जड, लोखंडी मशिनं दिवसभर धडधडत असतात, ती. एकेका मशिनाचं नुसतं डोकं तीस किलो भरतं. पंधरा वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून आत्याचा उजवा खांदा गेला तो गेलाच. हात खांद्याच्या वर जात नाही. तरी ती एकटीने हा धंदा करत आली, कारण तिच्याकडे 'ट्रंक' आहे.

ट्रंक म्हणजे तिची गाडी. पन्हाळी पत्र्याची, चौकोनी, गिअरचा दांडा छत्रीच्या मुठीसारखा समोरून बाहेर आलेला. ती बनवणारी कंपनी बंद पडून जमाना झाला. इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकंही पुढचीच, त्यामुळे मागची फळी जमिनीपासून जेमतेम दीड वीत उंच. आत्या मशिनाचं डोकं छोट्या चाकांच्या पाटावर ठेवते, गुडघ्याने रेटते आणि ते सरळ आत जातं. दुसरी कुठलीही गाडी घेतली तर तेच डोकं कमरेपर्यंत उचलावं लागेल. म्हणून गाडी विकायचा विषय निघाला की ती उठून आत निघून जायची.

विषय काढायचे आतोबा, आणि तोही वर्षातून एकदाच, पासिंगच्या सुमाराला. गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे की नाही, याची ती सरकारी तपासणी. आतोबा शाळेत कारकून होते, सरकारी कागदाला मान देणारा माणूस. "दर वर्षी नापास होणाऱ्या मुलाला आम्ही शाळा बदलायला सांगतो," असं ते एकदा म्हणाले. त्यानंतर दोन दिवस त्यांनी स्वतःचा चहा स्वतः केला.

नापास होण्याचं कारण दर वर्षी एकच. बाकीच्या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. ट्रंकचा पुढच्या चाकांना. तपासणी केंद्रात गाडीची चाकं फिरत्या रुळांवर चढवतात, ब्रेक ओढायला लावतात आणि किती जोर लागला ते पडद्यावर येतं. हँडब्रेक म्हटलं की मागची चाकं रुळांवर. आत्या गाडीत बसून जीव खाऊन ब्रेकचा दांडा ओढायची आणि पडद्यावर यायचं शून्य. ती खाली उतरून सांगायची की याचा हँडब्रेक पुढे असतो, पुढची चाकं चढवा. तपासणारा सांगायचा की संगणक मागचा आकडा मागतोय. ब्रेकमध्ये नापास झालेली गाडी पुढे खड्ड्यावर, म्हणजे खालून बघण्याच्या जागी, न्यायची नाही असा नियम. तिथूनच परत.

मग आठवड्याने फेरतपासणी. त्या दिवशी एखादा जुना माणूस असला तर पुढची चाकं चढवायचा, आकडा भरायचा आणि शिक्का मारून द्यायचा. फेरतपासणीत फक्त नापासाच्या कागदावर लिहिलेलंच बघतात, त्यामुळे दहा मिनिटांत सुटका. आत्याला तेवढंच बरं वाटायचं. जुना माणूस नसला तर पुन्हा शून्य, पुन्हा आठवडा, आणि तोवर कारखान्यांतून फोनवर फोन.

ही संगणकाची तपासणी सुरू झाल्याच्या सहाव्या वर्षी तिच्या डोक्यात तिडीक गेली. त्या वर्षी तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तपासणाऱ्याने तिला समजावलं की बाई, हँडब्रेक दुरुस्त करून घ्या, इतकं काही अवघड नसतं. आत्या आयुष्यभर यंत्रं उघडून बसलेली. तिने घरी येऊन मला बोलावलं आणि म्हणाली, "तुला टाइप करता येतं ना? बस."

पण नुसत्या अर्जाने काही होणार नाही, हे तिचं तिलाच कळत होतं. एकटीची तक्रार म्हणजे एकटीचीच गाडी खराब. तेव्हा तिने असल्या गाड्या आणखी कुणाकडे आहेत ते शोधायला घेतलं. जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराचा तिने इतका पिच्छा पुरवला की त्याने वैतागून गिऱ्हाइकांचे नंबर देऊन टाकले. तिला धरून अकरा मालक निघाले. एक फुलवाली, एक तंबू भाड्याने देणारा, एक निवृत्त भूमितीचे मास्तर, असे. रोज दुपारी जेवण झालं की आत्या एकेकाला फोन लावायची: गाडी कशात नापास झाली, किती वेळा, कागद आहे का.

महिन्याभरात तक्ता तयार झाला. अकरातल्या नऊ गाड्या हँडब्रेकच्या शून्यावर अडकलेल्या. चार जणांचा दिव्यांचा झोत वर, कारण मागे ओझं असलं की हिचं नाक उचललं जातं. उरलेल्या दोघांचा डाव्या चाकाचा सांधा ढिला. लोक तिच्याशी बोलताना मोकळे होत. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याच नशिबाला ही गाडी आली. भूमितीचे मास्तर तेवढे तुटकपणे म्हणाले की माझी गाडी ठणठणीत आहे, दोष तपासणाऱ्यांत आहे. आत्या म्हणाली, अगदी माझ्या मनातलं बोललात, गाडीत काही दोष नाही. बाकीच्यांनाही ती हेच सांगत आली होती.

तक्ता आणि अर्ज घेऊन ती केंद्राच्या प्रमुखांसमोर बसली. प्रमुख नवीन आलेले, जाड भिंगांचा चष्मा, फारसं न बोलणारे. त्यांनी अकराही नापासाचे कागद एकेक करून वाचले. मग विचारलं, गाडी आणली आहे का?

ते स्वतः खाली आले. पुढची चाकं चढवायला लावली. आत्याने दांडा ओढला, आकडा भरभक्कम आला. प्रमुखांनी तपासणाऱ्याला सांगून त्या मॉडेलची नोंद संगणकात दुरुस्त करायला लावली. सहा वर्षांचं गाऱ्हाणं सहा मिनिटांत मिटलं. आत्या नंतर मला म्हणाली की त्या क्षणी तिला रडू येईल असं वाटलं होतं.

"आता खड्ड्यावर घ्या," प्रमुख म्हणाले.

खड्ड्यात उतरून ते बराच वेळ खाली होते. बारीक हातोडीचा आवाज येत होता, टण, टण, टण, आणि मग एकदम बद्द. त्यांनी आत्याला खाली बोलावलं. मागच्या दोन्ही चाकांना धरून ठेवणारी आडवी नळी असते, तिच्या मधोमध त्यांनी पेचकस टेकवला आणि नुसता दाबला. तो पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला. नळीत वरच्या बाजूला एक भोक असतं, त्यातून पाणी शिरतं, बाहेर पडायला वाट नसते. बाहेरून रंग चांगला, आतून सगळा गंज.

"ही खालून शेवटची कधी तपासली होती?" त्यांनी विचारलं.

आत्या हिशेब करत राहिली. दर वर्षी पहिल्या खेपेला रुळांवरूनच परत. दुसऱ्या खेपेला फक्त हँडब्रेक. सहा वर्षांत ट्रंकखाली कुणीही वाकून बघितलेलं नव्हतं.

"तुमच्याच माणसांनी कधी इथवर येऊ दिलं नाही," ती म्हणाली, पण तिचा आवाज चढला नाही. प्रमुखांनीही मान खाली घातली. ही नळी मोडली असती तर भर रस्त्यात मागचं चाक तिरकं झालं असतं, आणि पाठीमागे दीडशे किलो लोखंड. कित्येकदा शेजारच्या सीटवर आतोबा बसलेले असायचे.

ट्रंक जागेवरच अडकवून ठेवली. पाच आठवडे आत्या भाड्याच्या गाडीने कारखान्यांत गेली. मशीन चढवायला दर वेळी दोन माणसांची विनवणी करावी लागे, आणि विनवणी तिला खांदेदुखीपेक्षा जड जायची. दोन कारखान्यांनी तेवढ्यात दुसरा दुरुस्तीवाला धरला. नळी कुठे मिळेना. शेवटी एका वेल्डरने जुनी कापून नवी घडवून दिली. घरी ती कुणाशी धड बोलत नव्हती. चिडायचं कुणावर, हेच तिला ठरवता येईना. केंद्रावर म्हणावं तर अखेरीस दोष त्यांनीच शोधला. स्वतःवर म्हणावं तर ती काय रोज गाडीखाली झोपणार होती? एकदा आतोबा म्हणाले, "अगं, वाचलीस ना?" तर ती त्यांच्यावरच उखडली. मग थोड्या वेळाने त्यांच्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "यंत्र उघडल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला कधी ठीक आहे म्हणत नाही. आणि त्या दहा जणांना फोनवरच सांगून बसले."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा फोन लावायला घेतले. या वेळी सांगायचं होतं, नळी ठोकून बघा. फुलवालीची चांगली निघाली. तंबूवाल्याची आणि आणखी तिघांची सडलेली. काहींनी आभार मानले, काहींना वाटलं बाई उगाच घाबरवते आहे. भूमितीच्या मास्तरांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. गेल्याच महिन्यात फेरतपासणीत पास झाली आहे, असं म्हणून फोन ठेवला. नंतर उचलेनात.

आत्याने आठ दिवस वाट बघितली. मग एका सकाळी बस बदलत त्यांच्या गल्लीत गेली. गाडी दारात उभी होती, धुऊन पुसून लख्ख. आत्याने दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. तिने पिशवीतून पेचकस काढला, साडी सावरली आणि चांगला हात टेकून गाडीखाली सरकली.

मास्तर भाजी घेऊन परतले तेव्हा त्यांना गाडीखालून दोन पाय दिसले.

"कोण आहे तिकडे? बाहेर या आधी."

"तुम्हीच खाली या," आत्या आतून म्हणाली. "आणि किल्ली माझ्याकडे द्या."

मास्तर रागारागाने गुडघ्यांवर बसले. आत्याने काही समजावलं नाही. नळीत मुठीपर्यंत घुसलेला पेचकस तसाच ठेवून ती फक्त बाजूला झाली, त्यांना दिसावा म्हणून. मास्तरांनी हात घालून पेचकसाभोवतीचा गंज चाचपला.

"पण परवा नातीला शाळेत सोडलं मी हिच्यातून," ते म्हणाले.

आत्याने हात पुढे केला. त्यांनी किल्ली दिली.