राकेश म्हणतो, थांबा

हे मी प्रशांतलाही सांगितलेलं नाही. प्रशांत माझा नवरा. त्याला मी बहुतेक सगळं सांगते, नको असलेलंसुद्धा. ऑफिसात कोणाशी वाजलं, कॉलेजात कोण आवडायचा, सगळं. पण हे नाही. दर वेळी ओठांवर येतं आणि मी भलतंच काहीतरी बोलून मोकळी होते. तुम्हाला सांगायला सोपं वाटतंय, कारण तुम्ही काही आमच्या ठाकुर्लीच्या घरी चहाला येऊन बाबांसमोर विषय काढणार नाही. नाही ना काढणार?

बाबा म्हणजे माझे सासरे. गोष्ट त्यांची आहे, आणि एका मोबाईलची. तेही हातात असलेल्या नाही — अजून बाजारातच न आलेल्या मोबाईलची. हसा, मीही हसते. मग हसू जरा वेळाने जातं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा बाबांचं आणि माझं बोलणं दोन वाक्यांत आटपायचं. "पाणी आलं का?" आणि "जेवून घ्या." राग वगैरे काही नव्हता, माणूसच अबोल. कोलशेतच्या एका कंपनीत मशिनच्या घरघरीत उभं आयुष्य गेलेलं — तिथे बोलून ऐकू कोणाला जाणार? रिटायर झाल्यावर ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे आणि समोर बघत राहायचे. समोर एक बैठा बंगला, आवारात जांभळाचं झाड, आणि झाडाच्या वर, लांबवर, मलंगगड. मी नौपाड्यातल्या ऑफिसातून संध्याकाळी यायचे, चहा करायचे, त्यांचा कप कट्ट्यावर ठेवायचे आणि आत निघून जायचे. चांगल्या सुनेने कपाचा आवाजसुद्धा करू नये, असा तेव्हा माझा समज होता.

एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली. मी दचकलेच. मोबाईलवर एक व्हिडिओ चालू होता, काही महिन्यांनी येणाऱ्या कुठल्याशा नव्या फोनचा.

"मीनल, हे बघ गं. चंद्र काढलाय यानं. चंद्र! एवढ्या लांबचं खरंच दिसतं, की नुसतं दाखवतात? तुमच्या ऑफिसात कोणाला माहीत असेल का?"

मला फोनमधलं ओ की ठो कळत नाही. तसं सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाबा "बरं" म्हणाले असते आणि परत गडाकडे वळले असते. ते मला नको होतं. माझ्या माहेरी, दिवा गावात, वडील कामावरून यायचे, टीव्हीकडे तोंड करून जेवायचे आणि झोपायचे. घरातल्या मोठ्या पुरुषाने मला आपणहून काही दाखवलं, असं आधी कधी घडलंच नव्हतं. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मनात काय होतं तेवढं सांगते.

मी म्हणाले, "माझ्या मैत्रिणीचा भाऊ मोबाईलच्या दुकानात आहे. त्याला विचारते."

मैत्रीण होती. तिला भाऊ नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर चहा तयार. बाबांनी केलेला! सासूबाई दारातच माझ्या कानाशी लागल्या, "माझा संसार झाला अख्खा, मला नाही कधी दिला करून." बाल्कनीत एक खुर्ची जास्तीची मांडलेली. चहात साखर मरणाची. बाबांनी विचारलं, "काय म्हणाला तो?" आणि मी खुर्चीत टेकत म्हणाले, "राकेश म्हणतो, कॅमेरा जबरदस्त आहे." नाव कुठून आलं देव जाणे. तोंडातून निघालं.

मग रोजचंच झालं. घरी येता येता मी मोबाईलवर काहीबाही वाचायचे आणि ते राकेशच्या तोंडी घालायचे. बॅटरी किती टिकेल, रंग कोणते येतील, काच फुटली तर काय. बाबा बारीक बारीक प्रश्न विचारायचे. उत्तर नसलं की मी म्हणायचे, "राकेशला आज गिऱ्हाईक फार होतं." खोटं बोलायला लागलं की माणूस किती हुशार होतो! राकेशला पित्ताचा त्रास झाला. राकेशचा मालक खडूस निघाला. राकेशचं लग्न जमेना. दिवाळीत बाबांनी सासूबाईंना सांगून त्याच्यासाठी फराळाचा वेगळा डबा भरायला लावला — "पोरगा आपल्यासाठी एवढं करतो." तो डबा मी ऑफिसात उघडला. चकल्या वाटल्या, शंकरपाळ्या एकटीने संपवल्या. रिकामा डबा परत आणल्यावर सासूबाई म्हणाल्या, "त्याला शंकरपाळ्या आवडतात वाटतं. तुझ्यासारख्याच." मी डबा घासायला घेतला.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं लपवण्यासारखं काय? थांबा. आपल्याला फोन हवाय कशाला, ते बाबांनी मला सांगितलं — आणि तिथून पुढे मी जे केलं, ते लपवण्यासारखंच आहे.

आमची बिल्डिंग बाबांच्या जुन्या चाळीच्या जागेवरच उभी आहे. स्वतःच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात बाबा मित्रांबरोबर मलंगगडावर गेले होते. जाताना दाढीचा आरसा घेऊन गेले. नव्या बायकोला सांगून गेले, की उन्हं कलली की चाळीच्या गॅलरीत उभी राहा, मी वरून कवडसा पाडतो. ही सगळी हकीकत सांगताना बाबा लाजले. खरंच लाजले, कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी वरून आरसा हलवला, खूप वेळ हलवला. परत आल्यावर सासूबाई म्हणाल्या, दिसला. बाबांना ते तेव्हाही खरं वाटलं नाही आणि अजूनही वाटत नव्हतं. इतक्या लांबून? माझं मन राखायला म्हणाली असणार. आणि आतून सासूबाई ओरडल्या, "दिसला होता! किती वेळा सांगायचं?"

गुडघ्यांमुळे बाबा आता गड चढू शकत नव्हते. पण त्यांनी बेत आखला होता. नवा फोन आला की प्रशांतने आरसा घेऊन वर जायचं, दुपार कलल्यावर — सकाळी ऊन पाठीमागून येतं, म्हणून दुपारच — आणि बाबांनी बाल्कनीतून फोन रोखून बघायचं. दिसला तर दिसला. "मग तिची माफी मागून टाकीन," ते म्हणाले. "एवढी वर्षं खोटारडी म्हणतोय तिला." प्रशांत तयार होता. आरसासुद्धा काढून ठेवला होता. पैशाचाही प्रश्न नव्हता. फक्त फोन यायचा होता.

आणि फोन आला.

त्या रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून बसले होते, डोंबिवलीला दुकानात जायला. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आणि मला — कसं सांगू? — मला भीती वाटली. फोन हातात आला की हे मला कशाला विचारतील? राकेशचं काम संपलं, तसं माझंही संपेल. ती दुसरी खुर्ची आत जाईल. पुन्हा "पाणी आलं का" आणि "जेवून घ्या". एवढ्याशा भीतीपोटी मी म्हणाले, "बाबा, राकेश म्हणतो, थांबा. हा फोन गरम होतो. पुढच्या वर्षीचा घ्या."

बाबा लगेच उठले. आत गेले, शर्ट काढून हँगरला लावला, त्याची कॉलर नीट केली आणि कपाटात ठेवला. बाहेर आले ते हसतच. "बरं झालं विचारलंस. आता पुढच्यात काय काय येणार, ते विचार त्याला."

मला बरं वाटलं. हे मी झाकून ठेवणार नाही, मला फार बरं वाटलं. पुढचं वर्ष छान गेलं. रोजचा चहा, रोजच्या गप्पा. फोनवरून गाडी हळूहळू दुसरीकडे वळायला लागली. कंपनीतल्या गमती, त्यांच्या आईच्या हातची भाकरी, प्रशांत लहानपणी कसा घाबरट होता ते. मी माझ्या माहेरचं सांगायचे. त्या बाल्कनीत मी या घरची झाले. लग्नात नव्हते झाले.

पण त्याच वर्षात समोरच्या बंगल्याला पत्रे लागले. जांभूळ तोडलं. मोठा खड्डा झाला, खड्ड्यातून खांब वर आले. आमच्या भागात टॉवर कसे उठतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं, कप हातात घेऊन मी त्याच्याकडेच तोंड करून बसायचे. पहिला स्लॅब, मग दुसरा. बाबा म्हणायचे, "आणखी वेळ आहे. आपला फोन त्याच्या आधी येतो बघ." स्लॅबची आणि फोनची जणू शर्यत लावली होती त्यांनी, आणि रोज मजेत बघत होते.

फोन खरंच आधी आला. गडाची सोंड झाकली गेली होती, पण माथा अजून स्वच्छ दिसत होता. बाबांनी पुन्हा तो शर्ट कपाटातून काढला. आणि मी — माहीत असून, समोर दिसत असून — म्हणाले, "राकेश म्हणतो, थांबा. पहिल्या पहिल्या मालात खोट असते. दिवाळीपर्यंत तरी थांबा."

पहिल्या वेळचं मी भीतीवर ढकललं. या वेळी कशावर ढकलू? जमत नाही. या वेळी मी त्या माथ्याकडे बघून बोलले होते.

दिवाळी यायच्या आतच एका सकाळी मी ऑफिसला निघत होते. बाबा बाल्कनीत उभे होते. म्हणाले, "गेला वाटतं." मी येऊन बघितलं. नवा स्लॅब पडला होता, त्याच्या कडेला हिरवी जाळी, आणि जाळीमागे काही नाही. मी गच्चीवर धावले. तिथूनही नाही. प्रशांतने सुचवलं, आपण दुसरीकडून बघू, तिकडे कल्याणच्या बाजूने उघडं आहे. बाबा म्हणाले, "तिकडून दिसून काय उपयोग? ती इथे उभी होती." आरसा त्यांनी स्वतःच परत बाथरूममध्ये टांगला. चिडले नाहीत, कोणाला बोलले नाहीत. सासूबाईंनी मात्र त्या दिवशी "दिसला होता" म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही फोन आणला. सासूबाईंनी खोक्याला हळदकुंकू लावलं, पेढा ठेवला. बाबांनी पहिला फोटो माझा काढला, पेढा खाताना. आणि गंमत ऐका — काहीही संपलं नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर चहा तयार, खुर्ची मांडलेली, आणि बाबा दिवसभर काढलेले फोटो दाखवायला आतुर. कबुतराचा डोळा, टॉवरवरच्या मजुराचं पिवळं हेल्मेट, सासूबाईंच्या नकळत टिपलेली त्यांची वेणी. मी ज्याला भ्यायले होते ते होणारच नव्हतं. पहिल्या रविवारी त्यांना जाऊ दिलं असतं, तरी होणार नव्हतं.

राकेशला मी नोकरीसाठी नाशिकला पाठवून दिलं. बाबा अजून त्याची आठवण काढतात. पाहुणे आले की नवा फोन हातात देतात आणि सांगतात, "आमच्या सुनेने थांबवलं म्हणून, नाहीतर तो गरम होणारा गळ्यात पडला असता." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी पोह्यांची बशी पुढे करते.

तसं आमचं छान चाललंय. संध्याकाळची मी वाट बघते. बाबांना पुढच्या वर्षीच्या फोनचे व्हिडिओ दिसायला लागलेत. परवा म्हणाले, "नाशिकला फोन करून विचार ना त्याला." मी म्हणाले, "त्याने ते काम सोडलं, बाबा. आपल्याला आवडला तर आपण जाऊन घेऊन येऊ." तेवढंच मी बोलू शकले. खरं काय ते त्या वाक्याच्या मागेच होतं, बाहेर आलं नाही.

टॉवरमध्ये आता माणसं राहायला आली आहेत. काल बाबा फोन रोखून वरच्या मजल्याकडे बघत होते. एक बाई खिडकीत उभी राहून कणीक मळत होती. बाबांनी पटकन फोन खाली घेतला — परक्याच्या घरात असं बघू नये — आणि चहाचा घोट घेतला.

"त्यांच्या मागच्या बाजूने दिसत असेल ना गं गड?"

"हो बाबा. दिसत असेल."

"बरंय," ते म्हणाले. "तिला सांगायला पाहिजे, हिवाळ्यात दुपारी बघत जा म्हणून."

आतून सासूबाईंनी विचारलं, कोणाला काय सांगायचंय. बाबांनी फोन कट्ट्यावर पालथा ठेवला. मी कप उचलले आणि आत गेले.