तीन मिनिटं झाली

चहा गार झाला तर होऊ द्या, आधी हे ऐका. स्वतःच्या बापाचा फोन चोरून ऐकणारा गाढव पाहिलाय कधी? बघून घ्या, समोरच बसलाय.

कॉलेज अर्ध्यात सोडलं अन् वाटूरला घरात राहणं मुश्किल झालं. आमचे अण्णा मास्तर. गावच्या पोरांना शहाणं करणार, घरच्याला नुसतं "नालायक"! मंग एक दिवस भांडून निघालो अन् तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात तात्पुरता ऑपरेटर म्हणून चिकटलो.

पहिल्याच दिवशी साहेबांनी कागदावर सही घेतली. "लोकांचं बोलणं ऐकायचं न्हाई. कायद्यानं गुन्हा हाय. जेल होते!" हे सांगताना म्हाताऱ्याच्या स्वतःच्या कानाला हेडफोन! डॉक्टरांच्या घरी आज भाजी कोणती, हे डॉक्टरांच्या आधी त्याला कळायचं.

मी ठरवलं, कायदा पाळायचा. ह्या म्हाताऱ्यांपेक्षा आपण बरे, एवढं तरी सिद्ध होईल! दोरी जोडायची, "बोला" म्हणायचं, अन् आपल्याला ऐकू येणारी चावी बंद. सगळं गाव माझ्या हातातून बोलायचं. माझ्याशी? ऑपरेटरला कुणी नाव तरी विचारतं का?

दर शनिवारी वाटूरच्या पोस्टातून अण्णांचा फोन यायचा. माझ्यासाठी न्हाई हो! कापसाच्या आडतीवाल्या बन्सीशेठसाठी. मी त्यांचा आवाज ओळखायचो, ते माझा. पण दोघंही परके.

"ऑपरेटर, बन्सीशेठ द्या."

"बोला."

मास्तरला कापसाचं काय काम? शेठची तर साहेबांकडे ऊठबस. नक्कीच माझी नोकरी घालवायचं चाललंय! मी पेटलो. बाकीच्यांना पाच-पाच मिनिटं बोलू द्यायचो, अण्णांची लाइन तिसऱ्या मिनिटाला बराबर तोडायचो. एका कॉलला तीनच मिनिटं, कायदा माझ्या बाजूनं!

एका शनिवारी राहवलं न्हाई. चावी उघडीच ठेवली.

"पोरगा जेवतो का?" अण्णा विचारत होते.

"अहो मास्तर, तुमच्या शब्दाखातर रोज आमच्याच घरी जेवून राह्यला. फुगलाय नुसता!"

शेठच्या घरचं मी पाणीसुद्धा प्यालो नव्हतो! रोज स्टोव्हवर एकट्यापुरती खिचडी, तीही करपलेली. तोंडातून निघूनच गेलं, "खोटं बोलतोय तो, अण्णा!"



"कोण हाय रे तिकडं?" शेठ ओरडला.

डोळ्यांपुढं जेल. अन् कानाशी बाप, कित्येक महिन्यांनी 'अण्णा' म्हणून हाक मारलेला. अशा वेळी मी काय बोललो असेन?

नाक दाबून म्हणालो, "तीन मिनिटं झाली." अन् दोरी उपटली. एकसुद्धा झालं नव्हतं!

आठवडाभर तक्रारीची वाट पाहिली. झालं भलतंच. शेठनं साहेबांनाच झापलं. चोरून कोण ऐकतं, हे गावाला माहीत होतंच की!

शनिवारी पुन्हा अण्णा.

"ऑपरेटर, बन्सीशेठ द्या."

"देतो."

"अन् हे बघा, दुसऱ्याचं बोलणं ऐकणं गुन्हा हाय म्हणतात." अण्णा खोकले. "पण तुमच्याशी सरळ बोललं, तर चालतं का?"

काय म्हणायला पाहिजे होतं, सांगा!

मी म्हणालो, "ऑपरेटरला ड्यूटीवर बोलायची परवानगी न्हाई." शेठला दोरी जोडली, चावी बंद केली. अख्ख्या एक्स्चेंजात कायदा पाळणारा मी एकटाच होतो.

आणा तो चहा. गार असला तरी चालेल.