टोपाच्या मागचा फोटो

सगळे फोटो पाहिले, तुमची मुलगी त्यात नाही, असं मी एका बापाला सांगितलं. ते खोटं होतं. आजवर हे घरीसुद्धा बोललेलो नाही.

म्हसावदला माझा फोटो स्टुडिओ आहे. दर होळीला मी सातपुड्यात जाऊन नाचणाऱ्यांचे ढीगभर फोटो काढतो. एका पावसाळ्यात तोरणमाळकडचे एक पावरा आदिवासी गृहस्थ दुकानात आले. त्यांची मुलगी तापाने गेली होती. घरात तिचा एकही फोटो नव्हता. होळीत तू काढला होतास, म्हणाले – पुढचा दात तुटका आहे तिचा.

मी संगणकावर होळीचे फोटो उघडले आणि पुढे सरकवायचं बटण दाबूनच धरलं. चेहरे, ढोल, घुंगरं – सरसर.

"जराक धीरे, दादा. माले काहीच दिखत नही."

"डोळा तयार शे मन्हा, भाऊ. चुकत नही."

मग ते पडद्याऐवजी माझ्या तोंडाकडेच पाहत बसले.

मध्येच मोरपिसांचा टोप घातलेला एक नाच्या आला. काय फोटो होता! बोट थांबलं नाही, मन मात्र तिथेच अडकलं – हा मोठा करून दुकानात लावायचा. तुमचं होतं का कधी असं? एक गोष्ट डोळ्यांत भरते, आणि तिच्या पाठोपाठची उघड्या डोळ्यांसमोरून निघून जाते? मला ते जाणवलं होतं. पुन्हा पाहतो म्हणायला काय लागत होतं? पण मी म्हणालो, "समदा दखात. नही शे."

दिवाळीआधी तो टोपाचा फोटो मोठा करायला काढला. त्याच्या पाठोपाठच्याच फोटोत ती होती. तुटक्या दाताने हसणारी.

इथवर चूक होती. पुढचं – पुढचं मी जाणूनबुजून केलं. फोटो दिला नाही. माझा डोळा चुकतो, हे त्यांना कळलं असतं! बाजाराच्या दिवशी ते रस्त्यावरून हात जोडायचे, आणि मी दुकानात लावलेल्या त्या टोपाच्या फोटोखाली बसून मान वळवायचो. वर्षं गेली.

यंदा ते धाकट्या लेकीला घेऊन आले. हिचा तरी काढून ठेव, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी थोरलीचा तो फोटो घेऊन मी घाट चढून त्यांच्या घरी गेलो. तिच्या आईने फोटो घेतला, स्वच्छ होता तरी पदराने पुसला. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते – त्या दिवशीसारखेच.

"खोटं बोलनू, भाऊ," मी म्हणालो. "फोटो व्हता. मांगून सापडी गया, तरी तुले दिना नही. चुकी मन्ही शे."