नणंदेच्या हातानं बुजवलेली भोकं

नणंदेचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला ती आमच्याकडे आली त्याच आठवड्यात कळलं. तोंडानं म्हणायला मात्र फार वेळ लागला.

आर्णीला माहूर रोडवर आमचं डेंटिंगचं दुकान आहे. पोचे ओढायचं काम ह्यांचं. गाडीच्या दरवाजात आतून हात जेमतेम शिरतो, हातोडा फिरवता येत नाही. मग पोचा पडला की तिथे ड्रिलनं बारीक भोकं पाडायची, त्यांत पुलरचा आकडा अडकवायचा आणि पुलरच्या दांड्यावरचं सरकतं वजन मागे झटकायचं. ठक ठक करत पत्रा बाहेर येतो. आता भोक न पाडता ओढायच्या मशिनी निघाल्यात म्हणे. आमच्याकडे अजून पुलरच. पत्रा सरळ होतो, पण देवीचे व्रण राहावेत तशी भोकं राहतात. ती बुजवायचं काम माझं.

हे काम ह्यांनीच मला शिकवलं, लग्नानंतर. भोवतीचा रंग घासून पत्रा उघडा करायचा, मागून तांब्याची पट्टी धरायची आणि वेल्डिंगचा एकच टिपका द्यायचा. लगेच शेजारच्या भोकाला हात लावायचा नाही, लांबच्या भोकाकडे जायचं. नाहीतर पत्रा तापतो आणि त्याला लाटा येतात. मग ग्राइंडर, मग पुट्टी. नुसती पुट्टी भरून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या गाड्या एका पावसाळ्यात फोड धरतात. ह्यांच्या कामाचं कोणी कौतुक केलं की हे म्हणायचे, "मी नुसता ओढतो. भोकं आमची मंडळी बुजवते." ते वाक्य ऐकायला मी मुद्दाम पुढे येऊन उभी राहायचे.

ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, पुसदला होती. तिचा नवरा पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करायचा. तो वारला, लेक सासरी गेली, आणि ताई चार दिवस म्हणून आमच्याकडे आली. घरात तिचं मन लागेना, म्हणून दुपारची दुकानात येऊन बसायला लागली. मी काम करताना माझ्या हाताकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "दे वं इकडे, मी पाह्यतो करून."

मी हसतच दिलं. तिनं दोन-तीन भोकं वाकडी बुजवली. त्यानंतरचं भोक असं बुजवलं की त्यावर ग्राइंडर फिरवायचीही गरज पडली नाही. ह्यांनी अंगठा फिरवून पाहिलं. पुन्हा फिरवला.

"वा, ताई! माशीबी घसरंल."

मला हे कधी असं म्हणाले नव्हते. माझ्या कामावर ते मान हलवायचे, तेवढंच.

पुढे रोजचंच झालं. तिच्या टिपक्यांवर पुट्टी कमी लागायची, रंग लवकर बसायचा. यवतमाळला गेले की हे तिच्यासाठी काहीतरी आणायचे. एकदा वेल्डिंगचा नवा काळा चष्मा आणला. माझ्या चष्म्याची काच ओरखड्यांनी आंधळी झाली होती.

"मले कधी आणला व्हता?" मी विचारलं.

"तुहं भागून राह्यलं ना?" हे म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग शाळेच्या व्हॅनचा मालक आला. मागचा पत्रा चेपला होता. गाडी लावता लावता माझ्यासमोरच म्हणाला, "भोकं त्या ताईच्या हातानं बुजवा बरं का." मी आत जाऊन कूलरचं पाणी बदललं. ते सकाळीच बदललं होतं.

आतून मी जळत होते. ताई जेवायला बसली की तिचा घास मोठा दिसायचा. ती हसली की वाटायचं, नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि हिला हसू बरं येतं. असले विचार मनात यायचे आणि मी ते येऊ द्यायचे.

पावसाळ्याच्या तोंडावर एक जीप आली. पांढरकवड्याच्या अलीकडे ती पूर्ण कोलांटी खाऊन सरळ झाली होती, त्यामुळे दोन्ही बाजू चेपल्या होत्या. ह्यांनी सगळे पोचे ओढले आणि सहज म्हणाले, "डावा दरवाजा ताई, उजवा तू." त्यांना वाटलं काम लवकर होईल. मला वाटलं, आता कळेल. आईनं लेकीची वेणी घालावी तसं मी उजव्या दरवाजावर काम केलं. तरीही रंग चढल्यावर डावाच जास्त सफाईदार दिसत होता. जीपवाला दोन्हीकडून फिरला आणि डावीकडे जाऊन उभा राहिला.

पावसाळा संपता संपता तीच जीप पुन्हा दारात. जीपवाला उतरून म्हणाला, "भाऊ, हे काय झालं पाहा." डाव्या दरवाजावर रंगाला फोड आले होते, जिथे जिथे भोक होतं तिथे तिथे. उजवा दरवाजा आरशासारखा.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला सांगू? मी ह्यांच्याकडे पाहिलं, जीपवाल्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांत शेवटी ताईकडे.

ताईचा चेहरा उतरला होता. पण ती सबबी सांगत बसली नाही. स्क्रू काढून दरवाजाचं आतलं पॅनल तिनं स्वतः उतरवलं आणि मला म्हणाली, "तुहा दरवाजा चांगला राह्यला. माहं काय चुकलं, सांग."

मला ते माहीत होतं. टिपका दिला की पत्र्याच्या मागचा रंग जळतो. तिथे लांब ब्रशनं रेड ऑक्साइड लावावं लागतं, नाहीतर आतल्या ओलीनं गंज धरतो आणि तो पुढे येतो. कोठीत धान्य असतं, चिखल नसतो. ताईला मागची बाजू जपायची सवय नव्हती. मी ब्रश कसा वाकवायचा ते दाखवलं. तिनं एकदाच पाहिलं. संध्याकाळपर्यंत ती मागची बाजूही माझ्यापेक्षा नीट करत होती. माझी उकळी तेवढ्यावरच थंड झाली.

त्यानंतर काही महिन्यांनी पांढरकवड्याचे एक मिस्त्रीचाचा काही सामान घ्यायला आले. हायवेला त्यांचं गॅरेज आहे. ताईचं काम पाहून म्हणाले, "बहन, माझ्या बाजूचा शेड रिकामा आहे. गाड्या भरपूर, पण हे काम करणारा कोणी नाही." हे नको म्हणत होते. ताईनं मात्र सामान बांधलं.

तिचं दुकान सुरू झालं त्या दिवशी मी गेले. ती गेली म्हणून मी सुटले, असं मला वाटायला हवं होतं. पण शेडवरचा बोर्ड मी दोनदा वाचला. मोठ्या लाल अक्षरांत ताईचं नाव, फक्त तिचंच. आमच्या बोर्डावर ह्यांचं नाव आणि खाली 'अँड सन्स'. आम्हाला एकच मुलगी.

"काहून वं, तोंड काहून उतरलं?" ताईनं चहा पुढे करत विचारलं.

मी म्हणून टाकलं, "ताई, मले तुमचा हेवा वाटून राह्यला. आजचा नाई, पहिल्यापासूनच."

ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. खाली बघत म्हणाली, "अन् मले तुहा. पुसदले अर्ध्या कोठ्याइचे सांधे मीच झाळत जाय. गिऱ्हाईक आलं की माहा मानूस म्हने, म्या केलं. मी घरात. तुहा नवरा तर रस्त्यावरच्या मानसालेबी सांगते, मंडळीनं केलं म्हणून. थे ऐकलं की माह्या अंगाची आग होये."

हेव्याला हेवा भेटला होता. आम्ही चहा प्यायलो. मग एका पिकअपचं मडगार्ड आलं, तिनं पुढून टिपके दिले, मी मागून पट्टी धरली.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं की बोर्ड बदलायचा. हे थोडे चमकले, पण पेंटरला बोलावलं. 'अँड सन्स' पुसून तिथे माझं नाव आलं. अक्षरं ताईच्या बोर्डापेक्षा लहान आहेत. जागाच तेवढी होती, असं पेंटर म्हणतो.

ताईचं बरं चाललंय. काम संपलं की ती मला मोबाइलवर फोटो पाठवते. रंग चढायच्या आधीचा, उघड्या पत्र्याचा. मी तो बोटांनी मोठा करून करून बघते. कुठेतरी उंचवटा असेल, एखादा टिपका जळाला असेल. अजून एकही सापडलेला नाही. मग मी मोबाइल पालथा ठेवते आणि ह्यांना सांगते, आज चहा तुम्हीच करा.