शेवटचा क्रिस्टल आणि मेंढरांची लोकर

महायुद्ध संपलं तेव्हा लष्कराच्या जुन्या रडारचं सामान भंगारात निघालं. त्यातली एक पेटी सांगलीत, विश्रामबागेजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत आली आणि सरांनी मला काम दिलं. रडारसाठी असा अँप्लिफायर करायचा, की लांबून परत आलेला क्षीण प्रतिध्वनी वाढेल, पण यंत्राची स्वतःची खरखर त्याला झाकणार नाही. ही खरखर पडद्यावरच्या हिरव्या रेघेवर दिसायची, गवत माजल्यासारखी.

अँप्लिफायरच्या तोंडाशी, प्रतिध्वनी टिपणारा, बोटाच्या पेराएवढा एक क्रिस्टल बसतो. पेटीत तीनच होते, शिशाच्या कागदात गुंडाळलेले. पहिला मी ऐन थंडीत, एका सकाळी बसवला. गवत कमरेएवढं. मग व्हॉल्व्ह बदलले, तारा आखूड केल्या, सगळी मांडणी नव्यानं आखली आणि दुसरा बसवला. गवत तसंच. मालच खोटा आहे, असं मी सरांना ठासून सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "तिसरा गेला की हे काम बंद. मग तुम्ही गावी माणला जा, मेंढरं राखा."

त्याच आठवड्यात माझे वडील, आबा, माणहून मला भेटायला आले. दिवाळीत त्यांनी मला आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं दिलं होतं. रोज सकाळी ते पांघरूनच मी कामाला बसायचो. आबा कोपऱ्यात बसून बघत होते. तिसऱ्या क्रिस्टलचा कागद मी सोडणार, इतक्यात म्हणाले, "एवढी नाजूक चीज हाय म्हनतोस, तर घोंगडं तरी काढून ठेव की रं. कोरड्या हवेत ठिणग्या उडत्यात त्यातनं. मेंढरामागं हिंडलास न्हवं तू?"

हिंडलो होतो. असल्या एका ठिणगीनं क्रिस्टल बहिरा होतो, म्हणून तर तो शिशात गुंडाळतात. रडारच्या पुस्तकात हे लिहिलेलं होतं आणि त्या ओळीखाली मी लाल पेन्सिलीनं रेघही मारली होती. घोंगडं पांघरून.

माझा चेहरा बघून आबा ओशाळले. "म्हंजे माझ्या घोंगड्यानं घात केला व्हय?"

"न्हाई आबा. घोंगड्यात बसलेल्या शहाण्यानं केला."

माझं आणि त्यांचं, दोन्ही घोंगडी बाहेर दोरीवर गेली. आता माझी बोटं थंडीनं कापायला लागली. आबांनी माझे हात आपल्या खरबरीत तळव्यांत घेऊन चोळले, लहानपणी चोळायचे तसे, एकेक बोट. मग अंगात उरलेली वीज उतरावी म्हणून मी जमिनीत गाडलेल्या तारेला हात लावला आणि क्रिस्टल बसवला.

रेघ सपाट. पण बिघडलेलं यंत्रही असंच गप्प असतं. म्हणून अगदी क्षीण संकेत आत सोडला. रेघेवर एक बारीक टोक उभं राहिलं.

"त्ये काय आलं?" आबा पुढं वाकले.

"ह्येच पायजे हुतं. इतके दिवस गवतात दडलं हुतं."

त्यांनी बोट त्या टोकाजवळ नेलं. "ल्हान हाय," म्हणाले, "पन हाय."

आबांना माणला नेणारी दहिवडीची मोटार सुटायची वेळ झाली होती. मी दोनदा आठवण करून दिली. आबा पडद्यासमोरून हलले नाहीत.